पावणेतीन कोटींचा फ्लॅट आणि भागुबाईची बादली

घोटीच्या भातगिरणीवाल्या गेणूअण्णांना लागली होती घाईची, आणि फ्लॅट दाखवणाऱ्या हर्षलने त्यांना सॅम्पल फ्लॅटचं मास्टर बाथरूम उघडून दिलं.

"बसा अण्णा, आपलंच आहे. इटालियन आहे," असंही वर म्हणाला.

शहरातल्या कॅनडा कॉर्नरला बँका, सराफ आणि क्लासेसच्या गर्दीत तो टॉवर उभा राहत होता. एक फ्लॅट पावणेतीन कोटींना, चार बेडरूम, चार संडास. इमारत अर्धवट, म्हणून गिऱ्हाइकाला दाखवायला तिसऱ्या मजल्यावर एकच फ्लॅट नटवलेला. त्यातली सफरचंदं प्लास्टिकची, पुस्तकं आतून पोकळ, टीव्ही पुठ्ठ्याचा आणि कमोड फरशीवर नुसता ठेवलेला. वर पाणी नाही, खाली पाइप नाही. हर्षलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तीन महिने रोज तेच तेच बोललं की माणसाला स्वतःचंच खरं वाटायला लागतं.

या तीन महिन्यांत बुकिंग मात्र एकही नाही. विक्री बघणाऱ्या योगिनी मॅडमने बजावलं होतं, हा शनिवार शेवटचा. बुकिंग झालं तर पर्मनंट, नाहीतर घोटीला जाऊन बापाच्या भेळीच्या गाडीवर कांदा चिरायचा. आणि बाप तर गावभर सांगत सुटला होता की पोरगं पर्मनंट झालं.

अण्णा बऱ्याच वेळाने बाहेर आले. "बटन दाबून दाबून बोट दुखलं. पानी येत नाय रं याला."

हर्षलने घाईघाईने बाथरूमचं दार ओढून घेतलं.

"चार संडास अन् एक बी चालू नाय? कोनाचा रे तू घोटीत?"

हर्षलने आडनाव सांगितलं नाही. अण्णा जिना उतरले ते पुन्हा फिरकले नाहीत.

चार वाजता पुण्याचं जोडपं यायचं होतं. मॅडमने नाकाला ओढणी लावून दारातूनच पाहिलं. "भागुबाईला सांग काढायला. आणि लव्हेंडरचा स्प्रे मार भरपूर."

भागुबाई तिथे फरशी पुसायला, रोजंदारीवर. मॉप कंपनीचा, निळी बादली मात्र तिची स्वतःची, हरसूलच्या बाजारात घेतलेली. सगळ्या इमारतीत चालू संडास एकच, ऑफिसचा, आणि त्याची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. म्हणून भागुबाई सकाळपासून पाणीच पीत नसे.

"मी फरशीची बाई हाय," ती म्हणाली. "सा म्हैने झाले हितं. मला कधी कोन म्हनलं नाय, बसा बाई, आपलंच हाय. ज्याला म्हनले त्याचं तुम्हीच काढा."

"भागुबाई, नोकरी जाईल हो माझी."

"म्हनून तर बादली देते. पन मंग ती परत नको मला. नवी आना."

"उद्याच आणतो. देवाशपथ."

हाताला कॅरीबॅग बांधून त्याने ते काढलं. दोनदा उमासा आला. दुसऱ्या वेळी तो बेसिनवर वाकला, पण पाइप बेसिनलाही नाही हे आठवलं, आणि तोंडात आलेलं त्याने परत गिळलं.

चारला आल्हाद आणि तेजश्री आले. तेजश्रीने बाथरूमच्या दारात खोल श्वास घेतला. "किती फ्रेश वाटतं ना इथे?"

आल्हाद तर कमोडच्या झाकणावर जाऊन बसला. "ऑफिसचे कॉल मी इथूनच घेणार. काढा हो एक फोटो."

"सर, थोडं डावीकडे," हर्षल म्हणाला.

बुकिंग झालं. मॅडमने पेढे वाटले. हर्षलने पेढा घेतला, बोटांचा वास घेतला आणि पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

आता तो पर्मनंट आहे, टाय लावतो. ऑफिसच्या संडासाची एक किल्ली त्याच्याही जुडग्यात आली आहे, आणि ती जुडग्यातच असते; भागुबाई अजूनही सकाळपासून पाणी पीत नाही. भागुबाई रंगाच्या रिकाम्या डब्यात फरशीचं पाणी नेते. डब्याची तार तिच्या हाताला काचते. हर्षलच्या येण्याजाण्याच्या वाटेवर प्लास्टिकचं दुकान आहे, दारातच बादल्या टांगलेल्या. सकाळी त्याला उशीर झालेला असतो, संध्याकाळी तो दमलेला असतो.

परवा तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "फिटिंग सगळं इटलीहून येतं, सर."

मागे भागुबाई फडकं पिळत होती. "अन् बादली? ती पन तिकडूनच यायची हाय का, साहेब?"

गिऱ्हाईक हसलं. हर्षलही हसला, आणि बाथरूमचं दार उघडून दाखवायला पुढे झाला.