घरी बनवलेले ठोकळे

काटेवाल्याला बसवत नव्हतं. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचं त्याचं काम, म्हणून हे नाव. मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या केंद्राच्या बाहेरच्या खोलीत तो पाच पावलं इकडे, पाच पावलं तिकडे करत होता. बंद दाराआड त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. ती एका जागी टिकत नाही म्हणून घरात तिला खार म्हणत. तोंडी गणित फटाफट, पण पुस्तक उघडलं की हिच्या पोटात दुखायला लागायचं. शाळेनं लिहून दिलं होतं : आधी तपासणी करून आणा, मग पुढच्या वर्गाचं बघू.

"अहो, बसा की. फरशी झिजेल," बायको म्हणाली.

"किती वेळ लावतायत!"

"लावू दे. तुम्ही पंधरा दिवस घोटून घेतलंय ना तिच्याकडून?"

घेतलं होतं खरं. आत लाल-पांढरे ठोकळे जुळवायला देतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्यानं लाकडाचे नऊ ठोकळे कापले, रंगवले आणि रोज संध्याकाळी घड्याळ लावून पोरीकडून नक्ष्या करून घेतल्या. पुस्तकातला एक उताराही पाठ करून घेतला. ती नापास होऊ नये, एवढंच डोक्यात.

दार उघडलं. तपासणी करणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. "ठोकळ्यांत फारच चलाख आहे हो! बरोबर आणलेल्या पुस्तकातला उताराही घडाघडा वाचला. मला तर अडचण दिसतच नाहीये."

बायकोला वाटलं, हा आता उडीच मारणार. पण त्याचा चेहरा उतरला. दुकानदारांना तो वर्षानुवर्षं एकच बजावत आला होता : मी यायच्या आधी काट्याला हात लावायचा नाही, नाहीतर बिघाड कळणार कसा?

"मॅडम... तसले ठोकळे घरी बनवून मीच तिच्याकडून सराव करून घेतलाय. उतारापण पाठ आहे तिला."

"अगं बाई, माझ्याही लक्षात आलं नाही!" बायकोनं कपाळाला हात लावला. "डॉक्टरकडे जाताना कुणी ताप उतरवून जातं का?"

मॅडम हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. यात पास-नापास नसतंच. ती नेमकी कुठं अडते, ते शोधायचं असतं. ते सापडलं तर पेपरला जादा वेळ द्या, प्रश्न वाचून दाखवा, वेगळ्या पद्धतीनं शिकवा, असं मी शाळेला लिहू शकते. नाही सापडलं, तर शाळा म्हणणार, पोरगी आळशी आहे."

"मग आता?"

"ठोकळ्यांचे गुण धरत नाही. वाचायला तिनं कधीच न पाहिलेला उतारा देते. तुम्ही मात्र दारापासून लांब बसा."

दार लागलं. तो बसला, उठला, पुन्हा बसला. आतून खारीचा आवाज आला. दोन शब्द. मग शांतता. मग तेच दोन शब्द पुन्हा.

"अडकली गं."

"अडकू दे," बायकोनं त्याची बाही घट्ट धरली.

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तिसऱ्या शब्दाची वाट बघत राहिला.