सोमेश्वर फोटोवाल्याची किल्ली

ताडकळसला सोमेश्वरचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यात एकच भिंत. त्याची सगळी बडबड मला ऐकावीच लागते. तसा माणूस सोन्यासारखा, पण काळजीखोर इतका की कुलूप लावून स्वतः ओढून बघणार आणि वर मलाही ओढायला लावणार.

त्याला कारणही घडलं होतं. एकदा स्टुडिओ फुटला, कॉम्प्युटर गेला आणि एका लग्नातले बायकांचे हळदीचे फोटो गावभर मोबाइलवर फिरले. पोरीच्या चुलत्यांनी भर बाजारात सोमेश्वरची गचांडी धरली. मग त्यानं नव्या मशीनवर लिनक्स नावाची सिस्टिम टाकली आणि लग्नांची सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली. म्हणजे कुणी डिस्क उचलून नेली तरी पासवर्डशिवाय तिच्यात नुसता कचरा दिसणार. बॅकअपच्या डिस्कलाही तेच कुलूप.

पण आमच्याकडची वीज. ती गेली की मशीन बंद, आली की मशीन पुन्हा पासवर्ड मागणार. सोमेश्वर कुठल्या तरी मांडवात आणि दुकानात त्याचे वडील गुरुसिद्धप्पा. अण्णांना तो लांबलचक पासवर्ड लक्षात राहीना, म्हणून त्यांनी तो खडूनं भिंतीवर लिहून ठेवला, चांगला ठळक. सोमेश्वर असा तापला म्हणता. त्यानं नखाएवढा पेनड्राइव्ह आणला आणि त्यात किल्लीची फाइल ठेवली. पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं की मशीन ती फाइल वाचायचं आणि डिस्क आपोआप उघडायची. भिंतीवर गेलेला पासवर्ड त्यानं मशीनमधूनही कायमचा काढून टाकला. मी म्हटलं, "आरं, किल्लीची एक नक्कल घरी ठेव की." तर म्हणतो, "दोन किल्ल्या म्हंजे दोन चोर." या शहाणपणाचा मला अजून राग येतो.

अण्णा मात्र खूश होते. दुकान बंद करताना पेनड्राइव्ह काढून घेत आणि कुठं ठेवता विचारलं की छातीला हात लावून म्हणत, "हितं. हितं कुणाचा हात पोचत न्हाई." आम्हाला वाटायचं, बंडीच्या खिशात.

आषाढात अण्णा पूजेला बसल्या जागीच गेले. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना रुद्रभूमीत बसवून समाधी दिली. भस्म, बेल, वर मीठ. वस्त्रात बांधलेलं इष्टलिंग तसंच गळ्यात राहिलं, ते कुणी काढत नाही. पुढं दुकान उघडायची वेळ आली तेव्हा सोमेश्वरनं बंड्या, कोनाडे, कपाट सगळं पालथं घातलं. शेवटी त्याची आई नीलम्मा म्हणाल्या, "ते लिंगाच्या वस्त्राच्या घडीत ठेवायचे. मला वाटलं, तुला ठाऊक हाय."

सोमेश्वरनं उपसलेलं कपाट तसंच बंद केलं.

श्रावणात पेडगावच्या बायनाबाईंची लेक भक्ती काविळीनं गेली. तिचं लग्न वैशाखात सोमेश्वरनंच शूट केलं होतं आणि सीझन सरल्यावर करू म्हणून व्हिडिओ तसाच डिस्कवर ठेवला होता. परभणीला बस बदलून बायनाबाई आल्या. मी म्हटलं, "मावशी, मोबाइलात फोटो असतील की."

"हायेत," त्या म्हणाल्या. "बोलत न्हाईत. मला तिचा आवाज पायजे."

सोमेश्वरनं परभणी केलं, पुण्याला फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, किल्लीशिवाय काही होणार नाही. बायनाबाई दर बाजाराला येत राहिल्या. मशीनसमोर बसत, काळ्या पडद्याकडं बघत आणि शेवटच्या बसनं जात. सोमेश्वरचं जेवण तुटलं. एके दिवशी नीलम्मा दुकानात आल्या, बायनाबाईंकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि लेकाला म्हणाल्या, "समाधी उघड. मी सांगायलेय."

समाधीचा विधी केलेल्या जंगम स्वामींनी हात जोडले आणि यायला नकार दिला. खोदलं सोमेश्वरनं, पाटी मी धरली. काय बघितलं ते मी सांगणार नाही. वस्त्राच्या घडीत पेनड्राइव्ह होता खरा, पण मिठानं आणि पावसानं तो पार खाऊन टाकला होता. पुसून, वाळवून लावला, तर मशीनला तो दिसलाच नाही. एका लेकानं बापाची समाधी उकरली, तीही फुकट. त्या दिवशी मला देवाचासुद्धा राग आला.

पुढच्या बाजारी सोमेश्वरनं बायनाबाईंना खरं सांगून टाकलं. "मावशी, न्हाई उघडत. आता कदीच उघडणार न्हाई."

मला वाटलं, आता रडतील, शिव्या देतील. द्यायलाच पाहिजे होत्या. त्या नुसत्या त्याच्याजवळ सरकल्या.

"पर तुमी तर तिथंच व्हता की. दोन दिस तिच्या म्होरं उभे व्हता. काय काय बोलली माझी पोर, तेवढं सांगा."

त्या वैशाखात सोमेश्वरनं किती नवऱ्या टिपल्या असतील. भक्तीला त्यानं मान वर कर, इकडं बघ, हस, एवढं म्हटलं असणार. ती काय म्हणाली ते ऐकायचं काम कॅमेऱ्याचं होतं.

"आठवत न्हाई, मावशी."

"लय न्हाई. येकच काहीतरी."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायनाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"आठवा दमानं," त्या म्हणाल्या. "मी बसते."