सर्वात जुनी बरणी

निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी सोमवार आला की एक प्रकरण हटकून आठवते. मी तेव्हा गोंदिया तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नावे कोणाचीच देत नाही. ती माणसे आज सुखाने नांदत आहेत.

दवनीवाड्याकडच्या एका गावात एक म्हातारा दुपारी जेवला, त्याला ओकाऱ्या झाल्या आणि दवाखाना गाठण्याआधीच तो गेला. सकाळीच त्याचे सुनेशी कडाक्याचे भांडण झाले होते. गावाने लगेच निकाल लावला की सुनेने विष घातले. मी अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. डॉक्टरांनी शवविच्छेदन करून मृत्यूच्या कारणावरचे मत राखून ठेवले. व्हिसेरा, म्हणजे जठर आणि यकृताचे भाग, बरण्यांत सीलबंद होऊन रासायनिक तपासणीला गेला.

सुनेला मी महिला पोलिसांसमोर दोन तास विचारले. खोटे बोलणारा माणूस आधी भांडण लपवतो. ही बाई म्हणाली, "भांडण झालंच होतं जी. खोटं कायले सांगू? पण बुढ्यानं ज्या गंजातली भाजी खाल्ली, त्याच गंजातली मी बी खाल्ली."

माझा तिच्यावर विश्वास बसला. पण ठाणेदाराच्या विश्वासाला कागदावर किंमत नसते. अटक करायची नाही, एवढेच माझ्या हातात होते. सासूने तिला घराबाहेर काढले आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठेवून घेतली. नवरा मान खाली घालून उभा राहिला. "रिपोर्ट येईस्तोवर पोरीले हात लावाचा नाही," असे सासूने माझ्यासमोरच सुनावले.

त्यानंतर ही बाई दर सोमवारी माहेरच्या गावाहून बसने यायची, दिवसाची मजुरी बुडवून. बाहेरच्या बाकावर बसायची आणि मी दिसलो की विचारायची, "साहेब, कागद आला का जी?" मी स्मरणपत्रे पाठवत होतो. 'तपासणी प्रक्रियेत आहे' हे ठरलेले उत्तर येत होते. असे आठ महिने गेले. सोमवारी मी मागच्या दाराने ठाण्यात शिरू लागलो, हे सांगायला आजही लाज वाटते.

खबर मिळाली ती आमच्याच मालखान्याच्या, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीच्या, जमादाराकडून. नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायला तोच जात असे. तो म्हणाला, "साहेब, तिथं महिन्याची गिनती पाहून राहिले. पकडलेल्या दारूच्या बाटल्या फटाफट निपटतात. व्हिसेऱ्याले टाइम लागते, म्हणून तो मागं पडून राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या प्रमुख बाई कामसू होत्या. त्यांनी कौतुकाने भिंतीवरचा तक्ता दाखवला. निकाली नमुन्यांचा आकडा दर महिन्याला चढत होता. मी आरोपीला विचारावे तसे एकच विचारले, "मॅडम, तुमच्याकडचा सर्वात जुना नमुना किती दिवसांचा आहे?"

त्यांना सांगता येईना. रजिस्टर मागवले. सर्वात जुनी नोंद आमच्याच बरण्यांची निघाली.

माझा पारा चढला. "म्हणजे आकडा दिसावा म्हणून सोपे आधी उरकता? तिकडे एक आई लेकरावाचून बसली आहे!"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवले. "साहेब, या बाटल्या कोणी पाठवल्या तेही वाचा."

पानामागून पान माझ्याच ठाण्याचे नाव होते. हातभट्टीविरुद्धची माझी विशेष मोहीम! मलाही दर महिन्याला वरून विचारत, गुन्हे किती दाखल केले. म्हणून मी बाटली-दोन बाटल्यांच्या केसेस धडाधड केल्या आणि त्यावर प्रशस्तिपत्रकही मिळवले. त्याच बाटल्यांच्या मागे त्या सुनेच्या प्रकरणाची बरणी अडली होती. मी खुर्चीत चोरासारखा बसलो.

बाईंनी चहा मागवला. मग उठून तक्त्यावर महिन्याच्या आकड्याच्या वर एक नवी ओळ लिहिली, 'सर्वात जुना नमुना', आणि पुढे दिवस मांडले. आमच्या बरण्या त्याच दुपारी कपाटातून निघाल्या.

पंधरा दिवसांत अहवाल आला. विष आढळले नाही. डॉक्टरांनी हृदयविकार असे अंतिम मत दिले. मी तिला सोबत घेऊन गावात गेलो आणि पोलीस पाटलासमोर, सासूच्या अंगणात, अहवाल मोठ्याने वाचला. सासू आत गेली आणि पोरीचा हात धरून बाहेर आली. पोर आधी आजीच्या लुगड्यामागे दडली. आई तिथेच मातीत बसली, तिने हाक मारली, तशी ती धावत सुटली. माझे डोळे भरून आले. छातीवरचा दगड उतरला.

निघताना तिने विचारले, "साहेब, एवढा एक कागद यायले आठ महिने काऊन लागले जी?"

मी बाटल्यांचे सगळे सांगून टाकले. तिने पोरीला कडेवर सावरत ऐकून घेतले. "मंग आता दुसऱ्या कोणाले असं नका बसवू जी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत ठाण्याच्या बैठकीत माझा पहिला प्रश्न एकच राहिला: सर्वात जुने काय पडले आहे? किती निकाली काढले, हे मी नंतर विचारत असे.

अहवाल वाचला त्यानंतरच्या सोमवारी मी पुढच्या दाराने ठाण्यात आलो. बाकाजवळ थांबलो. बाक रिकामा होता.

"साहेब, कोणाची वाट पाहून राहिले?" जमादाराने विचारले.

"कोणाचीच नाही," मी म्हणालो, आणि तिथेच बसून चहा मागवला.