एक जूनच्या घोळक्यातून आई सुटल्या

आमच्या सासरच्या गावात साठीच्या पुढचं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. हसू नका, खरं सांगते. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध आमचं घर. आजूबाजूच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचं आधार कार्ड उचला, जन्मतारीख एक जून. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आईबाप सांगायचे, "त्या साली पाऊस लय झाला होता." मास्तर बिचारे काय करणार? शाळा जूनमध्ये भरायची, वयाचा हिशोब सोपा जावा म्हणून ते एक जून टाकायचे आणि म्हणायचे, चला, पुढचा.

तर माझे सासरे, म्हणजे आप्पा, एक जूनचे. त्यांचे थोरले भाऊ एक जूनचे. त्या भावाची बायकोही एक जूनची. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्याही एक जूनच्याच. वर्षं तेवढी वेगळी.

मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याला उमाळा आला. आम्ही राहतो नाशकात, गावाकडे शनिवार-रविवारी जातो. म्हणाला, या वेळी सगळ्यांचा वाढदिवस एकदमच करून टाकू. एक भलामोठा केक नेला. त्यावर नाव कुणाचं घालायचं हा प्रश्न आला, म्हणून 'सर्वांना शुभेच्छा' असं लिहून घेतलं, एखाद्या पतसंस्थेच्या फलकावर असतं तसं. चौघं जण एका सुरीला हात लावून उभे राहिले, तेवढ्यात शेजारचे आजोबा "अहो, माझा पण आजच हाय" म्हणत चपला काढून आत आले. झाले पाच. फोटोत बघा, आप्पा, मोठे काका, काकू, शेजारचे आजोबा, आणि मागून एक बांगड्यांचा हात तेवढा दिसतो. तो आईंचा.

संध्याकाळी त्या ओट्याशी भांडी विसळत होत्या. मी म्हटलं, "आई, मजा आली ना?"

"आली की," त्या म्हणाल्या. मग नळ बंद केला. "सुरी धरायला गेले तर ह्यांचं कोपर हाताला लागलं. जन्मभर सगळं वाटूनच घेतलं गं. म्हटलं, एक दिवस तरी माझ्या एकटीचा असावा. पण जाऊ दे, आता सत्तरीला काय करायचं त्याचं."

मला इतकं वाईट वाटलं की मी नवऱ्याशी परतीच्या वाटेवर ओझरपर्यंत भांडले. त्याचा काही दोष नव्हता, पण गाडीत दुसरं होतं कोण?

यंदा मे महिन्यात आम्ही सुट्टीला तिकडेच होतो. माझे बाबाही राहायला आले होते. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी लोकांच्या रजेचे अर्ज तपासण्यात गेली. त्यांची आणि आप्पांची मैत्री अशी की दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नाही आणि दोघांना एकमेकांवाचून करमत नाही.

वीस मे होती. दुपारी फोन वाजला. आईंची आतेबहीण, घोटीहून. ह्या मावशी दवाखान्यात जन्मल्या, त्यामुळे त्या पिढीत खरी तारीख असलेल्या त्या एकट्या, आणि त्याचा तोरा असा की विचारू नका. दर वर्षी वीस मेला स्वतःच फोन करून "विसरलात वाटतं" म्हणतात. आईंनी शुभेच्छा दिल्या, फोन ठेवला आणि नेहमीचंच वाक्य बोलल्या.

"हिच्या बारशालाच तर मी झाले."

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आईंची आत्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या मुलीचं बारसं. घरची सून, म्हणजे आईंची आई, पूर्ण दिवसांची असून पाहुण्यांसाठी घुगऱ्या शिजवत होती. बाहेर बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करताहेत तोवर आत कळा सुरू झाल्या. दिवे लागायच्या आत त्याच पाळण्यात दुसरं बाळ. घुगऱ्या कमी पडल्या, हे सांगताना आई अजून हळहळतात.

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकत होते, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आई!" मी जवळजवळ किंचाळलेच. "मावशी वीस मेच्या. बारसं बाराव्या दिवशी. मग तुमची तारीख मोजून काढता येईल की!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. कळशी काखेत आणि सगळं घर पाणी शोधतंय! आईंनी हातातली कैरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. लहान मुलीला जत्रेला नेतो म्हटल्यावर होतो तसा झाला.

आणि मग मोजणी सुरू झाली. सोपी असेल असं वाटलं होतं मला, मूर्खच मी.

"वीस आणि बारा बत्तीस," आप्पा झोपाळ्यावरूनच म्हणाले. "मे एकतीसचा. म्हंजे एक जून. मास्तर बरोबर होता. मिटला विषय."

आईंचं तोंड एवढंसं झालं.

"अहो व्याही, असं कसं?" बाबा सरसावून बसले. "पहिला दिवस धरायचा. वीस ते एकतीस, दोन्ही दिवस धरून बारा. रजा अशीच मोजतात. एकतीस मे!"

"रजेचं तुमच्या कचेरीत. बागेचं तसं नसतं."

आता आप्पांचं सांगायला हवं. द्राक्षवाल्या माणसाला तारखा कळत नाहीत, त्याला छाटणीपासूनचे दिवस कळतात. कुणी भेटलं की "बरं आहे का" विचारायच्या आधी "बाग किती दिवसांची झाली?" विचारतात. माझ्या लग्नाचा वाढदिवस आप्पांना विचारा, म्हणतील, "द्राक्षात पाणी उतरत होतं तेव्हा." त्यांचं म्हणणं, छाटणी केली तो दिवस मोजायचाच नाही. रात्री बाग झोपली, सकाळी उठली, की एक दिवसाची.

"अहो, मूल आहे ते, द्राक्ष नाही!" बाबा.

"मूल बी रात्री झोपतंच की."

"आणि मे एकतीसचाच कशावरून?" माझ्या नवऱ्याने उगाच काडी टाकली. झालं, तीन मोठी माणसं मुठी वळून बोटांच्या उंचवट्यांवर जानेवारी-फेब्रुवारी करायला लागली. आप्पांची बोटं बागेत काम करून इतकी सुजलीत की त्यांच्या मुठीवर सगळेच महिने एकतीसचे येतात. बाबांनी आपली मूठ पुढे केली. मग आप्पा बाबांच्या मुठीवर मोजायला लागले. त्यांचं मेपर्यंत पोचायच्या आत भांडण झालं, कारण सुरुवात अंगठ्याकडून की करंगळीकडून हे ठरेना.

"भिंतीवर कॅलेंडर आहे," मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी नवऱ्याने मोबाईल काढला. तारखा मोजून देणारं काहीतरी त्यात असतं म्हणे. वीस मे टाकली, बारा दिवस टाकले, आणि त्या दीडशहाण्या मोबाईलनं विचारलं, पहिला दिवस धरायचा का?

"हो!" बाबा ओरडले.

"नाय!" आप्पा ओरडले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोबाईलसुद्धा आम्हालाच विचारणार असेल तर तो हवाय कशाला?

आईंनी पदर खोचला. त्या उठल्या, आप्पांच्या झोपाळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि झोपाळा पायाने थांबवला.

"आपल्या पोराची पाचवी कधी पुजली?"

"पाचव्या दिवशी," आप्पा म्हणाले.

"सोमवारी झाला तो. पाचवी कधी पुजली?"

आप्पांनी बाबांकडे पाहिलं.

"शुक्रवारी. मी पुजली, माझ्या ध्यानात हाय. म्हंजे सोमवार धरला का नाय धरला?"

आप्पांनी मनात बोटं मोजली, ते मला ओठांवरून दिसलं. "धरला," ते पुटपुटले.

"मग बाराव्याला पण धरायचा. मी एकतीस मेची." आणि त्या कैऱ्या चिरायला गेल्या.

बाबांनी टाळी वाजवली. आप्पा मात्र तोंड फुगवून बागेत निघून गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेले. म्हटलं, "आप्पा, एवढं काय लावून घ्यायचं?"

"लावून कशाला घेऊ?" ते एका वेलीचं पान उगाच उलटसुलट करत म्हणाले. "इतकी वर्षं दोघांचा एकच दिवस होता. आता ती कालच्या गाडीनं जाणार, मी आजच्या." मला हसावं की रडावं कळेना. मी चहा त्यांच्या हातात दिला आणि परत आले.

एकतीस मेला केक आला. छोटाच, पण वर फक्त आईंचं नाव. आईंनी लग्नातल्यासारखी पैठणी नेसली होती, भर उन्हाळ्यात. घोटीच्या मावशी खास आल्या, कारण अख्खा हिशोब त्यांच्यावरून निघालेला. मेणबत्त्या लागल्या. आईंनी सुरी उचलली. एकट्यांनी.

"पण काय गं," मावशी मध्येच म्हणाल्या, "आजच कसा?"

"तुझं बारसं बाराव्या दिवशी ना," मी घाईघाईने म्हटलं.

"छे! माझं तेराव्या दिवशी झालं. बाराव्याला अमावास्या होती."

मेणबत्त्यांचं मेण केकवर टपटप पडायला लागलं. आप्पा ताडकन उठले. "बगा! म्हंजे एक जून! मी काय म्हणत होतो?" बाबांची मूठ आपोआप वळली. नवऱ्याचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. आणि आईंची सुरी तशीच हवेत. अशा वेळी माणसाला मावशीच्या तोंडात अख्खा केक कोंबावासा वाटतो, तसं मला वाटलं.

आई मावशींकडे वळल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला पक्कं माहितीये."

"अगं, तू बारा दिवसांची होतीस! तुला अमावास्या काय पाळण्यातून दिसली व्हय?"

सगळे फिस्सकन हसले. मावशी काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. "आणि तू? तू तर जन्मलीच नव्हतीस!"

"मग? माझ्या जन्माला मी तरी हजर होते," आई म्हणाल्या. "तू झोपली होतीस."

आणि सपकन केक कापला. मेणासकट.

टाळ्यांच्या गडबडीत बाबा माझ्या कानाशी लागले. "त्या वर्षीचं जुनं पंचांग कुठे मिळालं, तर अमावास्या नक्की कधी होती ते..."

"बाबा," मी त्यांच्या हातात बशी दिली, "केक खा." त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उजाडली एक जून. सकाळपासून आईंचा मोबाईल वाजायला लागला. दर वर्षी वाजतो, आणि दर वर्षी त्या तो आप्पांकडे देतात, "तुमचाच असंल" म्हणून. या वेळी स्वतः घेतला. आधी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आला, तो मी वाचून दाखवला. मग कुणा पुढाऱ्याचा आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज आला, "माताभगिनींनो, आपणांस वाढदिवसाच्या..." आई त्या आवाजालाही शांतपणे म्हणाल्या, "कालच झाला," आणि तो पुढचं बोलतच होता म्हणून परत मोठ्यांदा सांगितलं.

अकराच्या सुमाराला त्यांनी फ्रिज उघडला. कालच्या केकचा एक चांगला मोठा तुकडा डब्यात झाकून ठेवला होता. त्यावर आईंच्या नावाचं शेवटचं अक्षर होतं. तो घेऊन झोपाळ्याशी गेल्या आणि आप्पांना स्वतःच्या हातानं भरवला. आप्पा नुसते सरकून बसले. आई शेजारी बसल्या. मला एकदम भरून आलं, म्हणून मी कॅलेंडरकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजोबांनी हाक मारली. "वहिनी! आज आपला सगळ्यांचा ना? केक कधी कापायचा?"

"तुमचा असंल," आईंनी झोपाळ्याला झोका दिला. "माझा कालच झाला."