कार्ड मिळालं त्या दिवशी

ड्रेस्डेनहून सुटलेल्या छोट्या गाडीत मी मुलाशी फोनवर मराठीत बोलत होतो आणि तो नेहमीसारखी जर्मनमध्ये उत्तरं देत होता. समोरची बाई हसली. मी फोन ठेवताच तिनं पेढ्यांचा डबा पुढं केला.

"घ्या दादा. आज पीआरचं कार्ड मिळालं. आता कायमचं राहता येईल."

ती एका खेड्यातल्या वृद्धाश्रमात नर्स होती. तिथल्या नोकरीवरच तिला व्हिसा मिळाला होता. पेढे तिनं आदल्या दिवशीच करून ठेवले होते. दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी मऊसर, वेगळ्या डब्यात.

"आणि कार्ड मिळालं नसतं तर?"

"तर माझा वाढदिवस आहे म्हणाले असते. इथं तसाही आपला केक आपणच न्यायचा असतो."

मी म्हणालो, "आता सुटलात की! ड्रेस्डेनला या. मोठी हॉस्पिटलं आहेत, आपली माणसं आहेत."

तिनं डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं. "आजवर मी कागदांसाठी तिथं राहतेय असं आजी-आजोबांनाही वाटायचं आणि मलाही. आता राहीन ती माझ्या मर्जीनं."

मी थक्क झालो. माझ्याकडे हे कार्ड कितीतरी वर्षं आहे. तरी नोकरी सोडून परत येता येत नाही, एवढंच मी भारतातल्या आईला सांगत आलो. मला इथंच राहायचंय, हे कधी सांगितलं नाही.

तिच्या गावी कुणी बटण दाबल्याशिवाय गाडी थांबत नाही. तिनं उठून बटण दाबलं. शेतांच्या मधोमध गाडी तिच्या एकटीसाठी थांबली.