आजोबा सायकलवर गेलेत

मुक्ता आणि ईशान,

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःला वाचता आलं असतं, आणि माझं इंग्रजी काही वाईट नाही. पण हे तुमच्या बाबाने तुम्हाला वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून मराठीत लिहिते आहे. आताच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात आजोबांच्या दिवसांसाठी तुम्ही सगळे टोरांटोहून इथे ख्राइस्टचर्चला आलात. निघायच्या आदल्या दिवशी भांडी पुसता पुसता मुक्ता म्हणाली, "ही वॉज ऑल्वेज ऑन हिज बाइक, आजी. ही डिडन्ट वॉन्ट टू टॉक टू अस." मी फडकं वाळत घालायचं निमित्त करून अंगणात गेले आणि तुम्ही टीव्ही लावेपर्यंत तिथेच उभी राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे गोष्ट पहिल्या पानापासून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. थोडा धीर धरा.

आम्ही पुणं सोडलं तेव्हा ईशान, तुझा जन्म व्हायचा होता आणि मुक्ता, तू साडेतीन वर्षांची होतीस. निघायच्या दिवशी सकाळी आजोबा सोसायटीच्या नळाखाली सायकल धूत बसले होते. टायरच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने काढत होते. शेजारचे जोगळेकर गॅलरीतून ओरडले, "काय हो, लेकीला सासरी पाठवताय का? न्हाऊमाखू घालताय ते!"

"तिकडे माती चालत नाही म्हणे," आजोबा म्हणाले. "पाय धुऊन आत या म्हणतात."

खरंच, इथल्या विमानतळावर एका बाईने हातमोजे घालून दोन्ही टायर बोटांनी तपासले आणि "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, असं म्हणून खोक्यावर शिक्का मारला. आजोबांना परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला. मला मात्र उगाच वाटलं, की सिंहगडाच्या रस्त्याची चिमूटभर माती राहिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं.

त्या सायकलीमागे एक जुनं वेड होतं. आजोबांच्या कारखान्यात एकदा एक फ्रेंच इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. जाताना तो आपल्या डोंगराळ मुलखाचा नकाशा आजोबांना देऊन गेला. त्यात मोठे रस्ते लाल होते, मधले पिवळे आणि अगदी लहान, गाड्यांची वर्दळ नसलेले रस्ते पांढरे. जिथे चढ तिथे छोटे बाण, चढ जितका खडा तितके बाण जास्त. निवृत्तीनंतर महिनाभर फक्त पांढऱ्या रस्त्यांवरून सायकल चालवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण निवृत्ती आली तेव्हा तुमच्या बाबाचा फोन आला, की दुसरं बाळ येतंय, तुम्ही दोघं इकडेच या. नकाशा बॅगेत गेला.

आमचं हॉर्नबी उपनगर तुम्ही पाहिलंच आहे. सपाट, सरळ, कारखाने आणि मोठमोठी दुकानं. आजोबा पहिले सहा महिने वैतागले होते. मग कोणीतरी आम्हाला अकारोआला नेलं. समुद्राच्या खाडीभोवती डोंगरांचं कडं, आणि गावात रस्त्यांची नावं फ्रेंच, रू लावो, रू जोली. पूर्वी तिथे फ्रेंच लोक येऊन राहिले होते. आजोबा पाटीखाली उभे राहून मला म्हणाले, "अगं, फ्रान्स इथेच निघालं की!"

तेव्हापासून आमचा शनिवार ठरला. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले ती त्यासाठीच. आम्ही गाडीला सायकल बांधून डोंगरापर्यंत जायचो. मग ते सायकलवर, आणि मी गाडी घेऊन पुढे. वरच्या वळणावर थर्मास आणि डबा घेऊन मी थांबायची. तिथे तास-तास दुसरं वाहन दिसायचं नाही. मेंढ्या, वारा, आणि खूप वेळाने खालून हळूहळू वर येणारं त्यांचं पिवळं जाकीट. प्रत्येक फेरीसाठी मी त्यांना एक कार्ड लिहून द्यायची, ग्रंथालयातल्या कार्डाएवढं. कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, पाणी कुठे, मी कुठे. ते कार्ड सायकलच्या हँडलला चिमट्याने लावलेलं असायचं.

माझी ही व्यवस्थितपणाची सवय शेवटी महागात पडली. वर्षभर मला वाटत होतं की त्यांना सगळे रस्ते पाठ आहेत. पाठ काहीच नव्हतं. ते माझं कार्ड वाचत होते.

ज्या शनिवारी कळलं, त्या दिवशी मी कार्ड लिहिलंच नव्हतं. डोंगरावरून ले बॉन्स बे नावाच्या खाडीकडे उतरणारा रस्ता एकच आहे. समुद्रापर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं, त्यात कार्ड कसलं लिहायचं! वर मी तासभर वाट पाहिली, मग दीड तास. शेवटी गाडी घेऊन खाली निघाले. अर्ध्या वाटेत एका कुंपणाला सायकल टेकवून ते उभे होते. लागलं नव्हतं, दमलेही नव्हते. मी काच खाली केली. ते अदबीने वाकून म्हणाले, "बाई, वर कुठे निळी गाडी दिसली का हो? आमची मंडळी चहा घेऊन थांबलीय. काळजी करत असेल."

मी त्या निळ्या गाडीतच बसले होते.

"दिसली," मी म्हणाले. "चला, मी सोडते तुम्हाला." वरच्या वळणावर पोहोचून मी कपात चहा ओतला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज आलं जास्त पडलंय गं."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तुम्ही सगळे जेवायला आलात. मंदार, आता हे तुझ्यासाठी आहे. मोठ्याने वाचतोयस ना? वाच. थांबू नकोस.

तू श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवलीस आणि म्हणालास, "आई, टोरांटोहून ऑफर आलीय. पण तुम्हाला दोघांना इथे टाकून जायचं म्हणजे..."

"टाकून काय? आम्ही काय सामान आहोत?"

"तू नको म्हण, विषय संपला. बाबा ठीक आहेत ना?"

"ठणठणीत," मी म्हणाले. "काल ले बॉन्सचा चढ चढलेत."

तुझ्यासारखा शिकलेला इंजिनिअर सहा वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवत होता, ते मी पाहत होते. मी खरं सांगितलं असतं तर तू गेला नसतास. आम्ही पुण्याहून निघताना माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं, "मला काही धाड भरलेली नाही, जा तू." तिला काय झालं होतं ते तिला माहीत होतं, मला नव्हतं. वर्षाच्या आत ती गेली. तिचं ते खोटं मला अजून टोचतं. आणि तरीही माझी वेळ आली तेव्हा मी तेच केलं. पुढे तुला मी आजार सांगितला तो वर्षभराने, नुकताच सुरू झाल्यासारखा. मला तुम्ही निघण्याआधीपासून माहीत होतं.

आता मुक्ता, तुझं. तुम्ही गेल्यावर रविवारच्या फोनसाठीही मी त्यांना कार्ड लिहून द्यायची. 'मुक्ता, मोठी, पोहायला जाते. ईशान, धाकटा, डायनोसॉर.' ते वाचून ते बोलायचे. एकदा त्यांनी तुला पोहण्याबद्दल विचारलं, मग पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. तू हसून म्हणालीस, "आजोबा, यू ऑलरेडी आस्क्ड मी दॅट!" तू नऊ वर्षांची होतीस. तुझी काहीच चूक नाही, हे वाक्य बाबाला दोनदा वाचायला सांग. पण त्यांना कळलं, की आपल्या हातून काहीतरी चुकलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते गॅरेजमध्ये जाऊन बसले. पुढच्या रविवारपासून मी सांगायला लागले, आजोबा सायकलवर गेलेत. खरं म्हणजे सायकल मी तोपर्यंत देऊन टाकली होती. ते शेजारच्या खोलीत असायचे, खिडकीपाशी.

एकदा मात्र मी फोन स्पीकरवर ठेवला. तुम्ही दोघं कुठल्यातरी बर्फातल्या सहलीबद्दल एकाच वेळी बोलत होतात, सगळं इंग्रजीत. ते खोलीतून बाहेर आले आणि खुर्ची ओढून फोनजवळ बसले. तुम्ही फोन ठेवल्यावर म्हणाले, "कुणाची गं ही मुलं? किती गोड बोलतात. उद्या बोलव त्यांना परत."

मला त्यांना सांगता आलं नाही की ही तर आपलीच नातवंडं आहेत. सांगितलं असतं तर तुमची नावं विसरल्याची त्यांना लाज वाटली असती. मी म्हणाले, "बोलवते."

मुक्ता, ते तुमच्यावर रागावले नव्हते. तुमची नावं त्यांच्या आठवणीतून गेली. तुम्ही आवडायचात, ते शेवटपर्यंत गेलं नाही. हे तुम्हाला मीच सांगायला हवं होतं, वेळेवर. मी दोन्ही बाजूंना सांभाळतेय अशी माझी समजूत होती, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांपासून दूर ठेवून बसले.

मंदार म्हणतो, आता तिकडे ये. मी अजून ठरवलेलं नाही, आणि हे वाचल्यावर त्याचंही मत बदलू शकतं. पुण्याचा फ्लॅट विकून झाला. तिथे आता आमच्या दारावर दुसऱ्याच कोणाची पाटी आहे. इथल्या घरात दोनच खोल्यांचा हीटर लावते. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मला एका शब्दात सांगता येत नाही. जिथे आपल्यावर कोणी रागावू शकतं आणि तरी दार उघडं राहतं, ते घर असावं. तुम्ही तिघं माझ्यावर रागावलात तर ते बरोबर असेल. फक्त अबोला धरू नका.

आजोबा कसे होते, फ्रान्सला का गेले नाहीत, शेवटी काय म्हणाले, जे विचारायचं असेल ते विचारा, इंग्रजीत विचारलं तरी चालेल. मी आहे, आणि मला अजून सगळं आठवतं.

आजी