अंजनीच्या पानावरचं काजळ

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात मी सांगलीहून मेढ्याला जायला निघाले, ती एका पत्राचा राग डोक्यात घेऊन. पत्र पुण्याच्या एका प्राध्यापकांचं होतं. मी सांगलीच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. मेढ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं वहीत दाबून आणलेली अंजनीच्या झाडाची पानं मी त्यांना पाठवली होती. पानांवर मखमलीसारखे काळे ठिपके होते. ती बुरशी होती आणि तिच्या बारीक केसांची टोकं दुभंगलेली होती. अंजनीवरच्या ज्या काळ्या बुरशीची पुस्तकात नोंद आहे, तिचे केस सरळ आणि टोकदार असतात. ही जात वेगळी आहे, असं मी लिहिलं होतं.

उत्तर आलं: ‘नमुना खरवडताना केस मोडले आहेत. ताजी पानं पाहिल्याशिवाय असे दावे करू नयेत. त्या रानात जाणं बाईमाणसाला शक्य नाही. सवड झाली की मी स्वतः जाईन.’

त्यांच्या सवडीची वाट पाहायची माझी तयारी नव्हती. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक मी मुख्याध्यापिकाबाईंकडे मागितला.

“फुटला तर दुसरा मिळायचा नाही,” त्या म्हणाल्या. “बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही.”

त्यांनी कपाटाची किल्ली पुढे केली.

मिरजेला गाडी बदलून मी दुपारी सातारा रोड स्टेशनावर उतरले. सूक्ष्मदर्शकाची पेटी सगळा वेळ मांडीवर होती. साताऱ्यात ओळखीच्या घरी मुक्काम केला. तिथल्या काकूंनी दशम्यांची शिदोरी बांधून दिली आणि एकटीनं पुढे जाऊ नकोस म्हणून तीनदा सांगितलं. सकाळी मेढ्याची सर्व्हिस मोटार धरली. पेट्रोलच्या टंचाईपायी ही मोटार अजून कोळशाच्या धुरावर चालत होती. चढ आला की ती उभी राही आणि आम्ही सगळे उतरून चालत असू. एका खड्ड्यात तिनं असा दणका दिला, की पेटीत खळ्ळकन आवाज झाला.

माझा चेहरा पाहून शेजारचा खाकी कोटातला माणूस म्हणाला, “उघडून बघा की. न बघता जीव का जाळून घेताय?”

नळी शाबूत होती, भिंगं शाबूत होती. नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचांचा मात्र चुरा झाला होता. दोनच उरल्या होत्या.

“दोन हायत न्हवं?” तो म्हणाला. “आमी आफ्रिकेत याच्याहून कमीवर भागवलंय.”

त्याचं नाव धोंडीराम. पलटणीतून हवालदार म्हणून नुकताच सुटून आला होता. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर त्याची बहीण सखू राहत होती. मी कशासाठी आले ते ऐकून तो हसला नाही. “झाडपाल्याचं सखूला इचारा,” म्हणाला आणि मेढ्याला उतरल्यावर पेटी डोक्यावर घेऊन चालू लागला.

दोन तास चढ होता. खाली भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, वर गवत पिवळं पडत चाललेलं, आणि घळीघळींतून हिरवंगार दाट रान. सखूबाईंचं घर उतरत्या छपराचं होतं. त्यांनी मला गूळपाणी दिलं आणि मी कोणाची कोण ते विचारून घेतलं. जेवायला नाचणीची भाकरी आणि खर्डा (कुटलेल्या मिरचीचा ठेचा) होता. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवणानंतर मी वहीतलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

“ह्यात दोन जाती हायत, बाई. एक नुसती काजळी. ती पदरानं पुसली की जाती. ही जाती का बघा.”

मी पुसून पाहिलं. ठिपका जागचा हलला नाही.

“काजळीचं पान शेरडं (शेळ्या) खात्यात. ह्याला तोंड लावत न्हाईत.”

“हे कुठं मिळेल?”

“देवराईत. पर तिथलं पान तोडायचं न्हाई.”

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काडीही कोणी घरी नेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ओढ्याच्या काठानं तिथं गेलो. आत अंजनीची जुनी झाडं होती आणि मला हव्या असलेल्या ठिपक्यांनी भरलेली पानं हाताच्या अंतरावर होती. मी हात पुढे केला नाही, पण परत फिरायलाही तयार नव्हते. सखूबाईंना म्हटलं, “मी इथंच बसते. काहीतरी वाट काढा.”

“लय हट्टी हाय,” त्या भावाला म्हणाल्या. मग ओढ्याच्या कडेनं वर गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांची हाक आली. तिथं अंजनीची एक फांदी पाण्यावरून वाकून अलीकडच्या काठावर आली होती.

“वढ्याच्या पल्याड देवाचं, अल्याड माणसाचं. आमच्या सासूबाईबी हिकडचंच सरपण घ्यायच्या. तोडा.”

मी नऊ पानं तोडली.

उन्हं चढायच्या आत आम्ही घरी आलो. ओटीवर पेटी उघडून मी आरसा उन्हाकडे केला. या वेळी खरवडायचं नव्हतं, ठिपक्यासकट पानाचा पातळ काप हवा होता. माझ्या पात्याला गंज चढला होता. धोंडीरामनं दाढीचं नवं पातं काढून दिलं. पहिला काप जाड झाला. दुसरा बसवताना बोटाचा दाब जास्त पडला आणि एक काच फुटली. आता एकच उरली. मी पातं पुसून घेतलं आणि तिसरा काप घेतला.

पानावर केसांचं जंगल ताठ उभं होतं. एकूण एक केस टोकाशी दुभंगलेला. मोडलेल्या काडीचं टोक खरबरीत असतं. ही टोकं गोल, गुळगुळीत होती. कडेच्या कोवळ्या केसांवर तर नुसते दोन फुगवटे आले होते. ते दुभंगूनच वाढत होते.

मी सखूबाईंना बघायला बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं.

“हे मोडल्यालं न्हाई,” त्या म्हणाल्या. “हे असंच उगवतंय.”

प्राध्यापकांचं पत्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना ते वाचून दाखवलं. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “मग त्यास्नी लिवा की, बाईमाणसं दोन गेली हुती.”

सांगलीला परतल्यावर मी चित्रं काढली, मापं घेतली आणि एक पाकीट पुण्याला पाठवलं. पानांसोबतच्या चिठ्ठीवर ‘संग्राहक’ या शब्दापुढे दोन नावं लिहिली: माझं आणि सखूबाईंचं. त्या कोण, तेही पत्रात कळवलं. प्राध्यापकांचं उत्तर या वेळी लवकर आलं. जात नवी असावी, हे त्यांना मान्य होतं. शोध त्यांच्या नावानं छापावा आणि मदतनीस म्हणून माझा उल्लेख यावा, असं त्यांनी सुचवलं होतं. निरक्षर बाईचं नाव मात्र काढून टाकावं, त्यानं नोंदीचं वजन कमी होतं.

मी त्यांचे आभार मानले, सुचवलेलं काहीही करणार नाही असं कळवलं आणि दुसरं पाकीट थेट विलायतेतल्या जाणकारांकडे पाठवलं. सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं: जात नवी आहे, वर्णन छापत आहोत, संग्राहकांपैकी दुसऱ्या बाई कोणत्या संस्थेत काम करतात ते कळवावं.

त्या आपल्या वाडीवर राहतात, शेरडं राखतात आणि ही बुरशी माझ्याआधीपासून ओळखतात, असं मी कळवलं. नाव तसंच छापून आलं.